बातमी सोडून बाकी सगळं

कालव्याच्या कचेरीतून आलेली पाण्याची पाळी ताई सकाळच्या कार्यक्रमात वाचायची. "कालव्याच्या शेवटच्या फाट्यावरच्या शेतकऱ्यांनी पाणी वळवायला, दारं धरायला तयार राहावं," एवढं तिच्या तोंडून निघालं की आमच्या घरात आबा आधी टोपी शोधायचे आणि मग फावडं. आबा म्हणजे माझे सासरे. ताई त्यांची थोरली मुलगी, माझ्या नवऱ्याची बहीण. गावाला ती रेडिओताई म्हणून माहीत होती. नवराही दुसरं फावडं घेऊन निघायचा. मक्याची पानं तोवर सुरळीसारखी गुंडाळली गेली होती आणि दुपारी त्यांना हात लावला की कागदासारखी वाजत.

दोघं फाट्याच्या सिमेंटच्या कठड्यावर बसून राहायचे. त्यांच्यासारखे आणखी पुष्कळ. पाटात वाळू होती, वाळूवर पालापाचोळा, आणि पाचोळ्यात एक कुत्रा खड्डा करून झोपलेला. ऊन डोक्यावर आलं की एकेक जण उठायचा, पार्श्वभागाची माती झटकायचा आणि घराकडे वळायचा. आबा घरी येऊन फावडं धुवायचे. वापरलेलं नसायचं, तरी धुवायचे.

तिसऱ्या पाळीलाही तसंच झालं, त्या दिवशी ताई स्टेशनवरून येताना फाट्याच्या वाटेनं आली. मी तिच्याबरोबर होते, बाळ माझ्या कडेवर. पाटाच्या मधोमध एका दगडावर रेडिओ ठेवलेला होता आणि त्यातून ताईचाच आवाज येत होता. सकाळचा कार्यक्रम दुपारी पुन्हा लागायचा. कठड्यावर चष्मेवाले काका बसले होते. ते आमच्या बांधाला लागूनचे. म्हणाले, "पाणी रेडिओतूनच येतंय ना, मग म्हटलं रेडिओच पाटात ठेवू."

सगळे हसले. ताईही हसली. मग ती पाटात उतरली, रेडिओ उचलला, ओढणीच्या टोकानं त्याच्यावरची धूळ पुसली आणि काकांच्या शेजारी सावलीत आणून ठेवला. "उन्हानं खराब होईल, काका," म्हणाली.

आमचं स्टेशन म्हणजे बियाण्याच्या जुन्या गोदामावरची खोली. भिंतींना पोती आणि फाटक्या गाद्या ठोकलेल्या, आवाज घुमू नये म्हणून. माईक चालू असला की पंखा बंद ठेवावा लागे, त्यामुळे ताई बोलायला बसली की तिच्या मानेवरून घामाचा ओघळ पाठीत उतरताना मला काचेतून दिसायचा. माझं काम कापाकापीचं. लोकांचं बोलणं रेकॉर्ड झालं की त्यातला खोकला, खाकरणं, "काय म्हणतात त्याला" असली अडखळणं संगणकावर काढून टाकायची. बाळ मांडीवर दूध पीत असायचं आणि माझा उजवा हात माउसवर. कधी त्याची किरकिर कार्यक्रमात जायची. बाजारात अनोळखी बायका थांबवून विचारायच्या, दात आले का हो त्याला.

ताई आधी शहरातल्या एका दैनिकात बातमीदार होती. ते बंद पडलं आणि ती परत आली. स्टेशन उघडताना परवान्याच्या बाई आल्या होत्या, खात्याच्या गाडीतून. त्यांनी नीट, सावकाश समजावलं होतं. गाणी लावा, शेती सांगा, आरोग्य सांगा, मुलांचा अभ्यास घ्या. पाणी, वीज, हवामान हेही सांगा, पण त्या त्या कचेरीनं कळवलं तेवढंच. स्वतःची बातमी द्यायची नाही. जे जे हवेत जाईल त्याचं रेकॉर्ड जपून ठेवायचं. कुणाबद्दल चुकीचं गेलं तर त्याच वेळेला, तेवढ्याच ठळकपणे दुरुस्त करायचं. ताईनं सगळ्याला मान हलवली. आबा मागे उभे होते. बाई गेल्यावर म्हणाले, "म्हणजे दुकान उघडायचं, पण मीठ ठेवायचं नाही."

नियम नुसता बोलण्यातला नव्हता. डोंगरापलीकडच्या स्टेशननं पूल खचल्याचं कचेरीच्या आधी सांगितलं होतं. पूल खरोखरच खचला होता. तरी स्टेशन बंद झालं आणि त्यांच्या मनोऱ्यावर आता भोपळ्याचा वेल चढलाय. आमच्या परवान्याची मुदतही त्याच उन्हाळ्यात संपत होती. तो पुढे वाढवायचा की नाही, हे परवान्याच्या बाईंनी लिहायचं होतं.

त्या संध्याकाळी ताईनं कालव्याच्या साहेबांना फोन लावला. पाणी सोडलंय, असं ते म्हणाले. फाट्यावर पोचलं नाही, असं ही म्हणाली. सोडलंय म्हणजे पोचलंच असणार, असं ते म्हणाले. मग शेतकऱ्यांचं म्हणणं रेडिओवर सांगू का, असं तिनं विचारलं, तेव्हा साहेबांचा आवाज जरा गोड झाला. तसं काही करू नका, आम्ही कळवू ते वाचा, उगाच तुमच्या परवान्याला अडचण.

जेवताना माझा नवरा म्हणाला, "उद्या सरळ सांग, पाणी आलेलं नाही. काय करतील?"

"मनोरा उतरवतील."

"उतरवू देत. नाहीतरी कोण ऐकतंय आता तुझं?"

आबांनी घास तसाच हातात धरला. ताई ताट घेऊन उठली आणि बाहेरच्या नळावर बराच वेळ भांडी घासत राहिली. मी बाळाला थोपटत दारात उभी होते. भाऊ म्हणाला त्यात तिला लागण्यासारखं काय होतं, ते मला कळत होतं. तिनं खोटं काही वाचलं नव्हतं. पण तिच्या शब्दावर माणसं सकाळ घालवत होती, टँकर सांगायचा थांबत होती, वाळत चाललेलं उपटून गुरांना घालायचं थांबत होती. गप्प बसली तरी ती नासाडी तिच्या नावावर आणि बोलली तर स्टेशन जाणार.

दुसऱ्या दिवशी ती चष्मेवाल्या काकांना घेऊन वर आली. काका जिना चढताना कुरकुरत होते, मला काय बोलता येतंय, मला का आणलंस. ताईनं त्यांना खुर्चीवर बसवलं, माईक त्यांच्या हनुवटीपाशी आणला आणि म्हणाली, "काका, आज तुम्ही काय काम केलं, तेवढंच सांगायचं. तुमच्या हातांनी केलेलं, तुमच्या डोळ्यांनी पाहिलेलं. दुसऱ्या कुणाचं नाव नाही. 'असं म्हणतात' नाही."

"आणि मनात आलेलं?"

"तेही नाही."

"मग उरलं काय?"

"सांगून तर बघा."

काकांनी घसा साफ केला, तो मी नंतर कापला. ते म्हणाले, "आज मी उजाडताना फावडं घेऊन फाट्यावर गेलो. पाटातला पाला गोळा करून बाहेर टाकला. वाळूत हात घातला, कोपरापर्यंत. कोरडी होती. ऊन चढेस्तोवर बसलो. मग घरी आलो. फावडं कोनाड्यात ठेवलं. एवढंच."

दिवेलागणीला, जेवणाच्या आधी, ते हवेत गेलं. 'आजचं काम' असं साधंच नाव होतं कार्यक्रमाचं. दुसऱ्या दिवशी आणखी दोघं आली, त्यांतली एक टोमॅटोवाली मावशी. तिनं सांगितलं, "आज मी हंड्यानं पाणी घातलं. एका झाडाला एक तांब्या. अर्धा वाफा झाला आणि कंबर धरली." मग कालव्याच्या वरच्या अंगाचा एक शेतकरी आला. त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यानं आनंदानं सांगितलं, आज उसाला दुसरं पाणी दिलं, पाय गाळात रुतले, चप्पल आतच राहिली. ताईनं तेही घेतलं आणि मला सांगितलं, मावशीच्या लगेच पाठोपाठ लाव, मध्ये गाणं नको.

मी तसंच लावलं. कुणी कुणाला काही म्हणालं नव्हतं.

मला त्या दिवसांत तिच्याकडे बघत राहावंसं वाटायचं. लोक रेकॉर्डिंगला यायचे ते रागानं भरलेले. पैसे खाल्ले, पाणी विकलं, वरच्यांची मस्ती आहे. ती सगळं ऐकून घ्यायची, चहा द्यायची आणि मग विचारायची, तुम्ही पाहिलंत? कुठे उभे होता? ऊन कुठल्या बाजूला होतं? माणूस हळूहळू स्वतःच गाळून गाळून बोलायला लागायचा. शेवटी जे उरायचं ते दोन-चार वाक्यांचं असायचं, पण ते कुणी हलवू शकत नव्हतं. एकदा मी तिला विचारलं, बातमीची एवढी सवय असताना हे अवघड जात नाही का? ती म्हणाली, "पेपरात असताना मी अर्ध्या वेळेला 'समजते' लिहून मोकळी व्हायचे. इथे ती सोय नाही."

कचेरीला हरकत घेता येईना. माणसानं आपलं काम सांगितलं, यात बातमी कुठे होती? फाट्यावरचे लोक पुन्हा रेडिओ कोनाड्यात ठेवायला लागले. काकांनी तर बॅटऱ्याही नव्या घातल्या.

मग माझ्या नवऱ्यानं घोळ घातला.

त्या दिवशी दुपारपासून वीज नव्हती. बॅटरीवर फक्त प्रक्षेपण चालायचं, संगणक नाही, म्हणजे कापाकापी नाही. ताईनं पहिल्यांदाच 'आजचं काम' थेट करायचं ठरवलं. बोलायला येणारी बाई आली नाही आणि तिचा भाऊ जिन्यात माझ्यासाठी बाळाचं दुपटं घेऊन उभा होता. तिनं त्यालाच आत बोलावलं. तो बसला. फाट्यावर गेलो, वाळू उपसली, असं सगळं ठरल्याप्रमाणे बोलला आणि मग एकदम, कुणी ढकलावं तसा, म्हणाला, "पाटकऱ्यानं दार उघडलंच नाही. मी पाहिलंय."

ताईचं बोट बटणावर गेलं, पण शब्द जाऊन चुकले होते. तिनं गाणं लावलं. ती त्याच्याकडे बघत होती. तो काचेतून माझ्याकडे.

पाटकरी म्हणजे कालव्याची दारं उघडणारा-लावणारा माणूस. लोखंडी किल्ली कमरेला बांधून सायकलवरून हिंडायचा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. दुसऱ्या दिवशी त्याच्या दारावर चिखल फेकलेला होता. गिरणीवाल्यानं त्याच्या बायकोचं दळण ठेवून घेतलं नाही, पट्टा तुटलाय म्हणाला, आणि तिच्या मागच्या बाईचं घेतलं. दुपारी परवान्याच्या बाईंचा फोन आला. कालव्याच्या कचेरीनं तक्रार केली होती. त्या उद्या येणार होत्या.

ताईनं भावाला अंगणात उभं केलं. आबा ओट्यावर दोर वळत बसले होते, ते वळतच राहिले.

"तू पाहिलंस?"

"सगळे तेच म्हणतायत."

"भाऊ, तू पाहिलंस का?"

त्यानं पायानं जमीन उकरली. "नाही."

"मग संध्याकाळी वर ये. त्याच वेळेला."

"घरातल्या माणसाला असं सगळ्यांसमोर..."

"ज्याच्या दारावर चिखल पडला त्यालाही घर आहे," ताई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. तो चढला असता तर नवऱ्याला बरं वाटलं असतं, एवढं मी त्याला ओळखते.

मग ती चप्पल घालून निघाली. मी बाळाला उचललं आणि तिच्या मागे गेले. पाटकऱ्याची बायको दारातला चिखल खरवडत होती. तिनं आम्हाला पाहिलं आणि खरवडणं थांबवलं नाही. पाटकरी बाहेर आला, पण बसा म्हणाला नाही. ताई उभ्या उभ्याच बोलली. काल रेडिओवर तुमच्याबद्दल जे गेलं ते चुकीचं होतं, ज्यानं म्हटलं तो माझा भाऊ आहे, आज तोच ते परत घेईल, आणि ते जाऊ दिलं ही चूक माझी. पाटकरी जमिनीकडे बघत ऐकत होता. मग तिनं विचारलं, उद्या सकाळी दार उघडाल तेव्हा मी बरोबर येऊ का?

"साहेबांनी रेडिओवाल्यांशी बोलायला मनाई केलीय."

"बोलू नका. नुसते चाला."

त्याची बायको खुरपं हातात घेऊन उठली. "ने यांना," ती नवऱ्याला म्हणाली. "कुणीतरी एकदा डोळ्यांनी बघू दे."

संध्याकाळी नवरा धुतलेला सदरा घालून वर आला. चूक थेट गेली होती, म्हणून दुरुस्तीही थेटच. माईकसमोर बसला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. "काल मी म्हणालो की पाटकऱ्यानं दार उघडलं नाही, आणि मी ते पाहिलं. मी पाहिलं नव्हतं. मी त्या बाजूला गेलोच नव्हतो." एवढं बोलून तो थांबला. मी गाणं लावायला हात पुढे केला, पण ताईनं मान हलवून नाही म्हटलं. ती शांतता तिनं तशीच जाऊ दिली, सगळ्या गावांत, सगळ्या घरांत. मग तो उठला. जिन्यात माझ्याजवळून जाताना त्यानं बाळाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि माझ्याकडे न बघता खाली उतरला.

सकाळी आम्ही कालव्यावर पोचलो तेव्हा गवत दवानं ओलं होतं. बाळाला मी शालीनं पाठीशी बांधलं होतं. पाटकऱ्यानं किल्ली लावली आणि अंग झोकून चाक फिरवलं. त्याच्या दंडाच्या शिरा फुगल्या. लोखंड कुरकुरलं, दार वर सरकलं आणि तांबूस पाणी फेस घेऊन पाटात शिरलं. दार उघडत होतं. आम्ही दोघींनी ते पाहिलं.

मग आम्ही पाण्याच्या बरोबरीनं निघालो. कोरड्या वाळूवर पाणी पळत नाही. त्याची जीभ पुढे सरकते, थांबते, भेगेत शिरते, पुन्हा सरकते. तिच्यापुढे मुंग्या, पाला, काड्या वाहत निघतात. आम्हाला त्याच्यासाठी थांबत थांबत चालावं लागत होतं. वाटेत प्रत्येक फाट्यावर कुणी ना कुणी उभं असायचं आणि आमच्याकडे असं बघायचं, जणू आम्ही त्याच्यावर पाळत ठेवायला आलोय. कुणी पाणी तोडलं नाही. पाटकरी कबूल केल्याप्रमाणे तोंड मिटून चालत होता. मधल्या पट्ट्यापर्यंत त्याची रोजची सायकल यायची, पुढचा भाग त्यालाही फारसा पायाखालचा नव्हता. त्याला सांगितलेलं काम दार उघडण्याचं आणि लावण्याचं. आमच्या शेवटच्या फाट्यावरचे लोक तिथेच बसून वाट बघायचे. मधल्या पट्ट्यातून कुणीच चालत जायचं नाही, कारण गेलं की मधले म्हणणार, आमच्यावर संशय घेताय.

नव्या रस्त्याशी आलो आणि पाणी थांबलं.

तिथे पाट रस्त्याखालच्या मोरीतून पलीकडे जायचा. रस्ता रुंद करताना निघालेला दगड-मातीचा ढिगारा कुणीतरी मोरीच्या तोंडातच लोटून दिला होता. पाणी त्याला येऊन टेकलं, फुगलं आणि डाव्या अंगाला खचलेल्या काठावरून खाली उतरलं. आम्ही काठावर चढून बघितलं. खाली मुरमाची जुनी खाण होती. ती तळ्यासारखी भरली होती आणि त्यात म्हशी बसल्या होत्या, नुसत्या नाकपुड्या आणि शिंगं वर. त्यांचा मालक पाण्यात पाय सोडून बिडी ओढत होता. आम्हाला पाहून त्यानं घाईनं पाय बाहेर काढले.

ताईनं विचारलं, हे पाणी कधीपासून आहे?

तो बिडी विझवून म्हणाला, "ताई, खाणीला झरा लागलाय. आम्ही कुणाला बोललो नाही. कचेरीला कळलं तर कुंपण घालतील."

पाटकरी काठावर खाली बसला. गुडघ्यांत डोकं घालून बसला आणि त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतोय. जवळ गेले तर हसत होता, आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं. "तीन पाळ्या," तो म्हणाला. सबंध वाटेत तो पहिल्यांदाच बोलला. "तीन पाळ्या मी यांच्या म्हशींना अंघोळ घालतोय."

त्यानं तिथूनच साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, मोरी रस्तेखात्याची, त्यांना कळवावं लागेल, तू हात लावू नकोस. कधी कळवणार? बघू. पाळी दोन दिवसांत संपणार होती. आमचा मका तेवढाही टिकला नसता.

परतताना मी ताईला म्हटलं, घरी जाऊन ह्यांना सांगू, काकांना सांगू, सगळे कुदळी घेऊन येतील. ती म्हणाली, येतील आणि आधी म्हशीवाल्याचं डोकं फोडतील. कालपर्यंत पाटकरी चोर होता, आज हा होईल. सगळ्यांनी एकाच वेळी, एकाच तोंडून ऐकायला हवं. ते तोंड आपलं नाही.

परवान्याच्या बाई संध्याकाळी आल्या. केस जरा पिकले होते, बाकी तशाच. ताईनं त्यांच्यापासून काही लपवलं नाही. भावाची चूक सांगितली, दुरुस्ती ऐकवली, सकाळची मोरी, खाण, म्हशी, सगळं सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, हे तुम्ही रेडिओवर सांगू शकत नाही. ही सरळ सरळ बातमी आहे, आणि कचेरीनं कळवलेली नाही. ताई म्हणाली, मी सांगणार नाही.

"मग आज काय लावणार?"

"आजचं काम."

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. पाटकरी आला होता, इस्त्रीच्या कपड्यात, किल्ली कमरेला. ताईच्या चेहऱ्यावरून मला कळलं, तिनं त्याला बोलावलं नव्हतं. ती दारात जाऊन त्याला हळूच म्हणाली, तुम्हाला मनाई आहे, नोकरीचा प्रश्न आहे, तुम्ही आला नसता तरी चाललं असतं.

"दारावरचा चिखल खरवडून झालाय," तो म्हणाला. "आता घरी बसून काय करू?"

बाईंनी कानाला हेडफोन लावला आणि माझ्या शेजारी बसल्या. बाळ त्यांच्या हातातल्या किल्ल्यांकडे झेपावत होतं. त्यांनी किल्ल्या त्याला दिल्या. कार्यक्रमाची वेळ झालीच होती, म्हणून हेही थेटच जाणार होतं. आत ताईनं पंखा बंद केला.

पाटकरी म्हणाला, "आज उजाडताना मी दाराला किल्ली लावली. चाक फिरवलं. दार उघडलं. पाणी सुटलं. मग मी पाण्याबरोबर चाललो. आजवर असा चाललो नव्हतो, तेही माझंच काम होतं असं आता वाटतं. वाटेत कुणी पाणी तोडलेलं मी पाहिलं नाही. नव्या रस्त्याच्या मोरीत दगड-माती आहे, माझ्या छातीएवढी. पाणी तिथून खाणीत जातं. खाणीवरच्या माणसाला तो झरा वाटत होता. मी तिथे असतो तर मलाही तसंच वाटलं असतं. मग मी घरी आलो. किल्लीला तेल लावलं. एवढंच आजचं काम."

माझी नजर बाईंच्या हातावर होती. समोर प्रक्षेपण तोडायचं बटण होतं आणि त्यांना ते माहीत होतं. हात हलला नाही. बोलणं संपलं तसा त्यांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला आणि आत गेल्या. पाटकऱ्याला त्यांनी विचारलं, तुम्ही हे स्वतः पाहिलं? त्यानं हो म्हटलं. मग ताईला म्हणाल्या, "माझं काम काय आहे ते तुम्हाला माहीत आहे. मी जे लिहायचं ते लिहीन. पण लिहायच्या आधी मलाही ती मोरी बघू दे."

सकाळी त्या गाडी घेऊन मोरीपाशी पोचल्या तेव्हा फाट्यावरची माणसं आधीच आली होती. कुदळी, पहारी, घमेली. मधल्या पट्ट्यातलेही आले होते, काहीसे अवघडून, पण फावडी घेऊन. वरच्या अंगाचा तो चप्पल हरवलेला शेतकरी अनवाणीच आला होता, लोक त्याला चिडवत होते. म्हशीवाला खाली मान घालून काठाला उभा होता. काका त्याच्याकडे बघून म्हणाले, "झरेवाले, या की, लावा हात." सगळ्यांत पुढच्या घमेल्याला त्यानंच हात लावला. कालव्याचे साहेबही आले. त्यांच्या घरीही रेडिओ ऐकत असावेत. परवान्याच्या बाईंना उभं पाहून त्यांनी तिथल्या तिथे रस्तेखात्याला फोन लावला आणि मग मोठ्या आवाजात सांगितलं की काम करायला हरकत नाही. काम तोवर अर्धं झालं होतं.

माझा नवरा मोरीच्या आत, ओणवा होऊन दगड ओढत होता आणि मागे पाटकरी ते घेऊन पुढे देत होता. एकदा दगड निसटला आणि नवऱ्याचं बोट चेमटलं. पाटकऱ्यानं खिशातला रुमाल काढून त्याला बांधला, गाठ मारली, आणि पुढचा दगड घ्यायला हात पुढे केला.

बाई आमच्याबद्दल काय लिहिणार ते त्यांनी ताईला तिथेच, गाडीच्या दारात, तोंडी सांगितलं. परवाना वाढवायला हरकत नाही असं त्या लिहिणार होत्या. पण लेखी ताकीद मिळणार होती. पुन्हा थेट कार्यक्रम नाही, सगळं आधी रेकॉर्ड करून, तपासून. आणि पाण्याचं पूर्वीसारखंच, कचेरी कळवेल तेवढंच. ताईनं सगळ्याला मान हलवली. बाई गाडीत बसल्या आणि काच खाली करून मला म्हणाल्या, बाळाच्या दाढा येतायत, कडक काहीतरी चावायला द्या.

दुपारनंतर पाणी मोरीतून पलीकडे गेलं आणि आमच्या बाजूच्या पाटात उतरलं. आबा त्याच्यासोबत चालत आले, फाट्यापर्यंत. मी फाट्यावर बाळाला घेऊन उभी होते. पाण्याची जीभ वळणावर दिसली तेव्हा आबांनी टोपी काढून काखेत धरली.

संध्याकाळ झाली तरी कचेरीतून काही कळवलेलं नव्हतं. म्हणजे पाणी आलं, असं ताईला रेडिओवर म्हणता येणार नव्हतं. ती माईकसमोर बसली. जिन्यावर खालपासून वरपर्यंत माणसं उभी होती आणि पायऱ्या चिखलानं भरल्या होत्या. एकेक जण आत जाऊन बोलत होता, आणि मी रेकॉर्ड करत होते. मावशीनं दोन वाफे भिजवले. आबांनी दारं धरली. कुणी बांध फुटला तो लिंपला. माझा नवरा घरचा म्हणून ताईनं त्याला मागे ठेवला होता. त्यानं बांधलेलं बोट मांडीवर ठेवून सांगितलं, मक्याच्या चार सऱ्या भरल्या, पाचवी भरताना अंधारून आलं.

सगळ्यांत शेवटी काका. खुर्चीवर बसले, माईककडे बघितलं, मग ताईकडे.

"आता तूच म्हणून टाक की पोरी, पाणी आलं म्हणून."

"कचेरीनं कळवलं की सांगेन, काका," ताई म्हणाली. "तुम्ही तुमचं काम सांगा."

काकांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला. काचेवर चिखलाचा एक थेंब तसाच राहिला.

"आज दिवसभर," ते म्हणाले, "आभाळाकडे एकदाही बघितलं नाही. खाली पाटातच बघत होतो."